मयताशी नातं

सुरतेतल्या भेस्तानच्या सार्वजनिक सभागृहाचे भाड्याचे नियम लिहायला आनंदीबाई बैसाणे यांनी साडेचार महिने लावले. काम तीन आठवड्यांचं होतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

सभागृह सरकारी निधीतून बांधलेलं. खाली तीनशे माणसांचा हॉल, मागे स्वयंपाकाची जागा, वर पाहुण्यांसाठी दोन खोल्या. ते चालवायचं काम आसपासच्या सात सोसायट्यांमधल्या अकरा जणांच्या समितीकडे आलं. अध्यक्ष योगराज पाटील. त्याचे वडील धुळ्याकडून सुरतेला मागावर काम करायला आले होते, आणि आता योगराजचे स्वतःचे चाळीस माग होते. सचिव कुंदन, तिशीतला, कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणारा. नियम गुजराती आणि मराठी, दोन्ही भाषांत हवेत असं ठरलं, तेव्हा कुंदन म्हणाला, "मराठीसाठी आनंदीबाईंना विचारू. आपल्यात दुसरं कोण आहे?"

आनंदीबाईंनी एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं होतं. कुंदनलाही चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी जागृती वडोदऱ्याला, तिची दोन्ही मुलं गुजरातीत वाढलेली. आजी फोनवर आली की मुलं "केम छो नानी" म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची. पेन्शन वेळेवर येत होती, गुडघे अजून धड होते, घर स्वतःचं होतं. सकाळी दूधवाला, दुपारी भाजीवाली. एवढी दोन माणसं दिवसाकाठी बोलली की पुरे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

मग दर मंगळवारी पाच वाजता योगराज आणि कुंदन त्यांच्या घरी येऊ लागले.

पहिल्या मंगळवारी त्यांनी नुसता चहा केला. दुसऱ्या मंगळवारी कळण्याची भाकरी आणि ठेचा केला, कारण योगराज बोलता बोलता म्हणाला होता की त्याची आई गेल्यापासून घरात कळण्याची भाकरी झाली नाही. तिसऱ्या मंगळवारी दुपारपासूनच त्या दाराकडे कान देऊन बसल्या.

वाद व्हायचे, तेही त्यांना आवडायचे. लग्नाला किती, साखरपुड्याला किती, डोहाळजेवणाला किती. एसी लावला तर वेगळे पैसे घ्यायचे की भाड्यातच धरायचे. भांडी फुटली तर कोणी द्यायची. डीजे दहाला बंद करायचा की साडेनऊला. सगळ्यात मोठा वाद झाला तो रहिवासी कोणाला म्हणायचं यावर, कारण रहिवाशांना भाडं निम्मं होतं.

"ज्याच्या नावावर वेरा-बिल तो रहिवासी," योगराज म्हणाला. "साधी गोष्ट शे."

"घरपट्टी तर मालकाच्या नावावर असते," आनंदीबाई म्हणाल्या. "इथली निम्मी माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात. वीस-वीस वर्षं राहतात. ती काय पाहुणी आहेत?"

"बाई, त्याइस्ना काय भरोसा? आज आठे, उद्या पांडेसऱ्याले."

"माझे वडील रेल्वेत गँगमन होते. उधन्याच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं राहिले. घर नावावर नव्हतं. मग तीस वर्षं ते कुठले होते, योगराज?"

योगराज हसला. त्याने हात वर केले. "लिहा बाई. भाडेकरूपण लिहा."

ते कलम त्यांनी त्याच रात्री तीनदा लिहून काढलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कोणी त्यांचं ऐकून आपलं मत बदललं नव्हतं.

आणि म्हणूनच काम लांबत गेलं. नियम संपत आले की आनंदीबाईंना नवा मुद्दा सुचायचा. पावसाळ्यात मंडप टाकायचा झाला तर? एकाच दिवशी दोन अर्ज आले तर चिठ्ठी टाकायची की आधी येईल त्याला? चपलांसाठी वेगळी जागा? कुंदन घड्याळाकडे बघायचा, पण मान हलवायचा. एकदा तो म्हणाला, "बाई, हे कलम आपण गेल्या महिन्यात पण केलं होतं." आनंदीबाईंचे कान तापले. "शब्द बदलायचे होते," त्या म्हणाल्या.

शेवटी योगराजनेच हॉलच्या उद्घाटनाची तारीख ठरवून टाकली. नियम रंगाऱ्याकडे गेले. प्रवेशदाराशी निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत सोळा कलमं लागली, डावीकडे गुजराती, उजवीकडे मराठी. लोकांनी फलकासमोर उभं राहून फोटो काढले. आनंदीबाईंनी एकही चूक नसल्याची दोनदा खात्री केली. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी सवयीने तीन कप मांडले आणि मग दोन परत ठेवले. समितीचं बोलणं आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होत होतं; त्यात त्यांनाही घेतलं होतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी योगराजला फोन केला. "सकाळी दहा ते बारा मी हॉलवर बसू का? अर्ज घ्यायला कोणीतरी लागेलच."

"पगार नही देता येवाव बाई."

"पगार कुठे मागतेय."

अशा रीतीने त्या हॉलच्या दारातल्या टेबलामागे बसू लागल्या. सोबतीला झाडलोट करणारी रंजना. ती बडबडी होती, आणि आनंदीबाईंना ते बरं वाटायचं.

फलकावरचं बारावं कलम आनंदीबाईंचं लाडकं होतं. कोणी वारलं, तर बेसण्यासाठी हॉल दोन तास विनामूल्य. सुरतेत माणूस गेल्यावर चार-सहा दिवसांत बेसणं ठेवतात. फोटोला हार घालून घरची माणसं एका बाजूला बसतात, लोक येतात, हात जोडतात, थोडा वेळ बसून जातात. गुजरात्यांची रीत, पण इथे राहून राहून आता सगळ्यांचीच झाली होती. मरणाचं भाडं घेऊ नये, असं आनंदीबाई म्हणाल्या होत्या आणि त्यावर कोणीच वाद घातला नव्हता.

दुसऱ्याच महिन्यात एका माणसाने लागोपाठ तीन दिवस बेसण्याचे अर्ज दिले. मयतांची तीन वेगवेगळी नावं. तिसऱ्या दिवशी रंजना संध्याकाळी आनंदीबाईंच्या घरी आली.

"बाई, कसलं बेसणं नि कसलं काय! साड्यांचा सेल लावला होता त्यानी. बायांची ही गर्दी. फोटो नाही, हार नाही."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलणारच होते," रंजना म्हणाली. "पण साड्या स्वस्त होत्या बाई. मी बी एक घेतली."

आनंदीबाईंना हसू आलं, पण राग त्याहून जास्त आला. आपल्या कलमाची कोणी अशी थट्टा करावी! त्यांनी ग्रुपवर सतरावं कलम लिहून टाकलं. बेसण्यासाठी अर्जदार हा मयताचा रक्ताचा किंवा लग्नाचा नातेवाईक असावा. मृत्यूचा दाखला जोडावा. अर्जात "मयताशी नातं" हा रकाना भरलेला नसल्यास अर्ज घेऊ नये. अकरापैकी सात जणांनी अंगठा दाखवला. रंगाऱ्याने फलकाच्या तळाशी जागा करून ते बसवलं.

सुकलाल आला तो त्यानंतर तीन महिन्यांनी, एका गुरुवारी.

साठीचा, वाळका माणूस. कानाच्या केसांत कापसाची पांढरी लव अडकलेली, मागावर काम करणाऱ्यांची असते तशी. त्याने अर्ज घेतला आणि भिंतीजवळच्या बाकावर बसून बराच वेळ भरला. अक्षर चौथी शिकलेल्याचं, एकेक काढलेलं. अर्जासोबत दाखला होता. मयताचं नाव लोटू सुपडू महाजन, वय चौसष्ट. अर्जदार सुकलाल धनगर. तारीख येत्या रविवारची, चार ते सहा. "मयताशी नातं" हा रकाना कोरा.

"हे राहिलं," आनंदीबाई बोट ठेवून म्हणाल्या.

"काय लिखू ते समजनं नही बाई."

"तुमचे कोण होते ते?"

"एकच खोलीमा रहाऊत आम्ही. सव्वीस वरीस." त्याने विचार केला. "रूम-पार्टनर लिखू का?"

आनंदीबाईंनी अर्ज पुन्हा वाचला. मग त्यांनी ते केलं, ज्याचा त्यांना पुढे फार दिवस त्रास झाला. त्या उठल्या, सुकलालला फलकाजवळ घेऊन गेल्या आणि सतरावं कलम त्याला वाचून दाखवलं. शाळेत फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं, एकेक शब्द.

"त्यांचे कोणी भाऊ, पुतणे? त्यांना अर्ज करू दे."

"साक्रीकडे भाऊ शेतस दोन. पंधरा वरीस बोलणं नही. मी फोन करा. त्याइनी सांगं, तठेच उरकी टाका." सुकलाल शांतपणे बोलत होता. "अग्नी बी मीच दिधा."

"मग असं करा, दहाव्या कलमात घाला. इतर कार्यक्रम. दोन तासांना नऊशे रुपये, रहिवाशांना साडेचारशे."

सुकलालने फलकावर दहावं कलम शोधलं. त्यात वाढदिवस, भिशी, हळदीकुंकू, वर्गाचं स्नेहसंमेलन अशी नावं होती. तो ती ओठ हलवत वाचत राहिला.

"बेसणं इतरमा कसं येई, बाई?" त्याने विचारलं.

 त्याने थोडी वाट पाहिली, मग अर्ज घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, राम राम म्हणाला आणि गेला.

रंजना फडकं पिळत कोपऱ्यात उभी होती. आनंदीबाई तिच्याकडे वळल्या.

"तुझ्या ओळखीचा आहे का?"

"आमच्या मागच्या ओळीत राहतो. दोघं राहायचे. चांगली माणसं आहेत बाई."

घरी जाऊन आनंदीबाईंनी भात लावला, पण जेवण गेलं नाही. त्यांनी जागृतीला फोन केला आणि झालेलं सांगितलं. तिकडे कुकरची शिट्टी, मुलांचा आरडाओरडा. "मम्मी, नियम तूच बनवलास ना? मग तूच बदल. त्यात काय एवढं?" जागृती म्हणाली. "बरं, मी नंतर करते फोन. आज पोरांची ट्यूशन आहे."

साडेपाचला त्या रंजनाला घेऊन सुकलालच्या खोलीवर गेल्या. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने, त्यांचा खडखडाट जमिनीतून पायांत येत होता. वरच्या मजल्यावर दहा बाय दहाच्या खोल्यांची ओळ. सुकलाल दारातच बसला होता. बाईंना बघून तो गडबडीने उठला आणि त्यांना खाटेवर बसवलं. खोलीत खाट एकच होती.

"तुम्ही खाली झोपायचे का?" आनंदीबाईंनी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"नही बाई. लोटूले दिवसपाळी, माले रातपाळी. मी सकाळे ये, तो उठे. मी झोपू. संध्याकाळे तो ये, मी जाऊ. एक खाटवर दोन मानसं, पण एकदम कधी झोपनूत नही." त्याने थोडं हसून पुढे सांगितलं, "सकाळे अर्धा तास, संध्याकाळे अर्धा तास. तेवढं बोलणं. चहा तो करी ठेवे. संध्याकाळे भाकरी मी."

"रविवारी?"

"रईवारे तो बेसणाले जाये." सुकलालने खुंटीकडे हात केला. पांढरा सदरा होता, इस्त्री केलेला. "गल्लीमा कोनी बी मरू दे. ओळख राहो का नही राहो. सांगे, मानूस गया तं दोन घडी बठाले पायजे. माले बी सांगे चल म्हनी. मी झोपी रहू."

आनंदीबाई सदऱ्याकडे बघत राहिल्या. खाली मागांचा आवाज एकसारखा चालू होता.

"घरमालक सांगस आठे बेसणं नको, जिना कच्चा शे," सुकलाल म्हणाला. "म्हनीसनी हॉलवर उनू. पण जाऊ द्या बाई. नियम तं नियम शे. तुम्ही कसाले इतला लांब उनात."

"आता कामावर जायचं असेल तुम्हाला."

"चार दिन जायेल नही. रात झायी का झोप येत नही, दिवसले बी येत नही. खाट रिकामी शे, तरी समजत नही कव्हय झोपवो."

 घरी येऊन आनंदीबाईंनी योगराजला फोन लावला. योगराजने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, आज एका रूम-पार्टनरले दिलं का उद्या सगळे रूम-पार्टनर येतीन. साड्यावालापण रूम-पार्टनर बनीन येई. कलम तुम्हीच टाकलं ना?"

"मीच टाकलं. चुकलं माझं. मिटिंग घ्या, बदलू."

"मिटिंग कुठे आता? ग्रुपवर टाका. कुंदनला सांगतो."

कुंदनने ग्रुपवर प्रश्न टाकला. मयताच्या खोलीत राहणाऱ्या सोबत्याला बेसण्यासाठी हॉल द्यावा का? हो किंवा नाही. आनंदीबाई शुक्रवारभर फोन हातात घेऊन बसल्या. दोघांनी हो म्हटलं. एकाने नाही. एकाने विचारलं, कोणत्या जातीचे आहेत, आणि मग तो संदेश पुसून टाकला. एकाने गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात पाठवलं. बाकी कोणी काही बोललं नाही. शनिवारी सकाळी कुंदनने लिहिलं, बहुमत झालेलं नाही, विषय पुढे घेऊ.

शनिवारी दहाला आनंदीबाई टेबलामागे बसल्या. त्यांनी गठ्ठ्यातून एक कोरा अर्ज काढला. मयताचं नाव लोटू सुपडू महाजन. अर्जदार आनंदी रामजी बैसाणे. नेहमी त्या नवऱ्याचं नाव लावायच्या, पण इथे वडिलांचं लिहिलं. मयताशी नातं या रकान्यात त्यांनी लिहिलं, बहीण. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाचा एक गुण खोटा वाढवला नव्हता.  खाली "अर्ज स्वीकारला" इथेही त्यांचीच सही होती.

रंजनाला पाठवून त्यांनी सुकलालला निरोप दिला. रविवारी हॉल मिळाला, दाखला तेवढा घेऊन या म्हणावं.

रविवारी साडेतीनला सुकलाल फोटो घेऊन आला. लोटूचा वेगळा फोटोच नव्हता, म्हणून त्याने झेरॉक्सच्या दुकानातून आधार कार्डावरचा मोठा करून आणला होता. चेहरा धुरकट झाला होता, डोळे उजेडाने मिटल्यासारखे. त्याने आज लोटूचा पांढरा सदरा घातला होता. खांद्यांवर तो सैल पडत होता.

रंजनाने साठ खुर्च्या मांडल्या. तीनशेच्या हॉलमध्ये त्या पुढेच कोंडाळं करून उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या. फोटोच्या उजव्या हाताला घरच्या माणसांसाठी गादी घातलेली होती. सुकलाल गादीजवळ गेला, थांबला, मागे फिरला आणि खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत जाऊन बसला. थोड्या वेळाने उठून दुसऱ्या ओळीत बसला.

आनंदीबाई गादीवर बसल्या. मग म्हणाल्या, "सुकलालभाऊ, इकडे या."

"आठेच बरा शे मी."

"या. मी एकटी बसू का?"

तो आला आणि त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला.

पहिला अर्धा तास कोणीच आलं नाही. पंखे फिरत होते. साडेचारच्या सुमारास मागावरचे सहा जण आले, कपड्यांवर लव, पायांत स्लिपर. मोसमामुळे रविवारीही माग चालू होते; सुट्टी मागून आले होते, पावणेपाचला परत जायचं होतं. त्यांनी फोटोला फुलं वाहिली आणि रीतीप्रमाणे गादीसमोर येऊन हात जोडले. त्यातला म्हातारा आनंदीबाईंना म्हणाला, "माय, तुमना भाऊ भला मानूस व्हता. कोनाले कधी वाकडं बोलना नही."

आनंदीबाईंनी हात जोडले. त्यांच्या नवऱ्याच्या वेळी दोन-अडीचशे माणसं आली होती, आणि त्यातला एकही चेहरा त्यांना आठवत नव्हता. हे सहा चेहरे त्यांनी नीट बघून घेतले. त्यांना रडू आलं. ते कोणासाठी आलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण त्यांनी ते आवरलं नाही. सुकलालने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोही रडला, सदऱ्याच्या बाहीत तोंड घालून.

ते सहा जण गेले. गल्लीतला चहावाला येऊन गेला. रंजना हात पुसून मागच्या खुर्चीवर बसली होती, ती शेवटपर्यंत उठली नाही.

पावणेसहाला योगराज आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नात्यातल्या साखरपुड्याची सजावट होती, म्हणून माप घ्यायला. दारातल्या टेबलावर त्याने अर्ज पाहिला असणार, कारण तो आत आला तेव्हा कागद त्याच्या हातात होता. तो गादीपाशी येऊन उभा राहिला. आधी फोटोकडे, मग सुकलालकडे, मग बाईंकडे बघितलं.

"बाई, हे तुमचे भाऊ?"

सुकलालने मान खाली घातली.

"हो," आनंदीबाई म्हणाल्या.

 योगराजने कागद घडी करून खिशात ठेवला, दोन फुलं वाहिली, हात जोडले आणि पहिल्या ओळीत बसला. पाचेक मिनिटं बसला असेल. मग उठून गेला.

सोमवारी सकाळी आनंदीबाईंनी हॉलच्या कामाचा राजीनामा लिहिला. अर्जात आपण खोटी माहिती भरली आणि स्वतःच ती मंजूर केली, असं त्यात सरळ लिहिलं. फोनवर कळवल्यावर योगराज तो घ्यायला स्वतः घरी आला, पण आत बसला नाही.

"याची गरज नव्हती बाई. मी कोणाला सांगणार नव्हतो."

"मला माहीत आहे."

"ते कलम बदललं आपण. नातेवाईक किंवा सोबत राहणारी व्यक्ती. काल रात्री मीच ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हो म्हटलं." तो चपलेच्या अंगठ्याने उंबरा टोकरत राहिला. "मी टाकलं म्हणून म्हटलं असेल."

"चांगलं झालं." कालपासून त्यांनी ग्रुप उघडलाच नव्हता.

"तुम्ही हॉलवर येत जा. बसायला काय..." तो अडखळला. "तसं कुंदनच्या ओळखीची एक मुलगी आहे, वर्षा. तिला कॉम्प्युटर येतो. आता अर्ज ऑनलाइन घ्यायचे म्हणताहेत सगळे."

आनंदीबाईंनी मान हलवली. त्यांनी राजीनामा दिला तेव्हा समिती तो परत करील अशी आशा मनाच्या कोपऱ्यात होती, हे त्यांना आत्ता कळलं. योगराज गेल्यावर त्यांनी दार लावलं. दहा वाजले होते. बारापर्यंतचा वेळ कसा घालवायचा ते सुचेना, म्हणून त्यांनी कपाटातल्या साड्या काढून पुन्हा घड्या घातल्या.

महिन्याभराने सुकलालने खोली सोडली. एकट्याला भाडं जड जात होतं, आणि रातपाळी त्याच्याने होईना. बारडोलीला त्याचा एक भाचा होता, साखर कारखान्याच्या बाजूला. तिथे एका गोदामावर राखणदारीचं काम मिळत होतं, दिवसाचं. निघायच्या दिवशी तो आनंदीबाईंकडे आला. हातात एक पिशवी आणि गुंडाळलेली गोधडी.

"खाट रंजनाताईले दिधी," तो म्हणाला. "तुमना नंबर द्या बाई. माले लिखी द्या कागदवर, मोबाईलमा घालता येत नही माले."

आनंदीबाईंनी मोठ्या अक्षरांत नंबर लिहून दिला आणि त्याचा आपल्या मोबाईलमध्ये घातला. त्याला रिक्षा मिळेपर्यंत त्या नाक्यावर उभ्या राहिल्या.  रिक्षात बसताना तो म्हणाला, "येस बाई," येतो अशा अर्थाने, आणि रिक्षा पुलाकडे वळून दिसेनाशी झाली.

दिवाळी गेली. जागृतीकडे चार दिवस राहून त्या परत आल्या. हॉलवरून जायचं झालं तर त्या पलीकडच्या फुटपाथने जायच्या. टेबलामागे वर्षा बसलेली असायची, कानांत वायर, समोर लॅपटॉप. रंजना दिसली तर हात करायची.

डिसेंबरातल्या एका दुपारी फोन वाजला. सुकलाल होता. कोणाकडून तरी नंबर लावून घेतला होता, मागे तो माणूस "बोला, लागला" म्हणत होता.

"बाई, मी सुकलाल."

"बोला. कसे आहात?"

"बरा शे. कारखाना चालू व्हयी गया. ऊसन्या गाड्या येतस दिवसभर. वास येस मळीना, डोकं चढस." मग म्हणाला, "काम बठानं शे. खुर्ची दिधी शे माले."

"झोप लागते का?"

"रातले लागस आते. थोडी थोडी."

 पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. आनंदीबाई फोन कानाला लावून खिडकीशी उभ्या होत्या. फोन ठेवतो असं तो म्हणत नव्हता.

"जेवनात का बाई?" त्याने शेवटी विचारलं.

"नाही अजून. तुम्ही?"

"आते जेवस."

"काय केलंय?"

"खिचडी," सुकलाल म्हणाला, आणि ती कशी केली ते सांगू लागला.